तेच पाणी

१

चहाच्या आधी मी टबाचं पाणी मोजतो. लोक सकाळी उठून मोबाईल बघतात, मी पट्टी बघतो. ही सवय मिलची. चौतीस वर्षं मी कागदाच्या मिलमध्ये लगद्याच्या खात्यात काढली. मोठाल्या हौदांत लगदा किती चढला, किती उतरला, हे बघत राहायचं. पातळी चुकली की पुढे अख्खी मशीन बोंबलते. रिटायर झालो, बुऱ्हाणपूरला लालबागमध्ये घर बांधलं, तरी खोड गेली नाही. गच्चीवरच्या टाकीतसुद्धा मी काठी घालून बघायचो.

"चहाच्या कपातही पट्टी घाला एखाद दिवस," कोकिळा म्हणायची. कोकिळा म्हणजे माझी बायको. तिच्या जिभेला धार आहे. आहे म्हणू की होती म्हणू, हे माझं अजून ठरलेलं नाही.

तिच्या गुडघ्यांचं आधी सांगतो. मिलच्या कॉलनीत आमचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि पाणी वर चढायचं नाही. मी पाळीवर असायचो, नाहीतर पाळीहून येऊन घोरत पडलेलो. अठरा वर्षं तिनं दोन हातांत दोन बादल्या घेऊन तो जिना चढला. गुडघे गेले. उजवा तर डाव्यापेक्षा चांगला मोठा दिसायचा. दर चार-आठ दिवसांनी ती मला सुनवायची, "माझे गुडघे तुमच्या मिलनं नाही खाल्ले. तुम्ही खाल्ले." ते खरं होतं.

शनवारा चौकाजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पण शुगर आणि हृदय बघता ऑपरेशन जोखमीचं आहे. तोवर गरम पाण्यात बसवा, त्यानं आराम पडेल. हे ऐकून पुण्याहून आमच्या तृप्तीचा फोन आला. "पप्पा, मागे एवढी जागा पडलीय. मम्मीसाठी हॉट टब घ्या ना. आता घरोघरी बसवतात."

घरोघरी कुठे बसवतात देव जाणे. पण मी घेतला. आयुष्यात तिच्यासाठी एक तरी गोष्ट वेळेवर करावी, असं मला फार वाटत होतं.

२

टब इंदूरहून आला, पण ट्रक आमच्या गल्लीत शिरेना. शेवटी केळीच्या गाड्या भरणारे चार हमाल बोलावले. त्यांनी अंगणात केळीची पानं पसरली, टब आडवा केला आणि पानांवरून असा सरकवला की एक ओरखडा नाही. कोकिळा दारात काठी टेकून उभी होती. तिनं त्या निळ्या धुडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मावा जिलेबीची कढई आहे का ही? मले तळता का त्याच्यात?"

"तळत नाही, नुसतं उकडतो," मी म्हणालो. हमालही हसले.

बसवायला कंपनीचा पंकज आला होता. तिशीचा, कामाला चोख. मी आधीच गवंड्याकडून सिमेंटचा ओटा करून घेतला होता. पंकजनं नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची लेव्हल तपासली आणि मान डोलावली. मीटरपासून वेगळी वायर ओढली, वेगळा एमसीबी बसवला, बोअरिंगच्या नळीनं टब भरला. तीन माणसांचा टब, हजार लिटरच्या आसपास पाणी. आत बसायला घडवलेल्या जागा, पाठीला आणि पायांना फवारे. शेजाऱ्यांच्या नजरेला आडोसा म्हणून मी केळीच्या नर्सरीची हिरवी जाळी तीन बाजूंनी बांधली. कोकिळेनं मोटारीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. नव्या मशीनला जे करतात ते.

जाताना पंकजनं बजावलं, "अंकल, एक बात ध्यानात ठेवा. दर तीन महिन्यांनी पाणी पूरा खाली करायचं. पूरा. मग नवीन भरायचं."

"हजार लिटर पाणी नालीत?"

"केळीला सोडा ना."

"क्लोरीनचं पाणी केळीला? मी फोपनारचा, केळीच्या गावचा आहे. केळी जाळायची कशी ते मला नको शिकवू."

मग मी त्याला बॅकवॉटर समजावून सांगितलं. कागदाची मशीन चालते तेव्हा जाळीतून पाणी गळतं. त्या पाण्यात लगद्याचे बारीक तंतू असतात. ते पाणी कोणी फेकत नाही, तेच फिरवून पुन्हा नव्या लगद्यात घालतात. जाळीतून जे निसटलं ते पाण्यात राहतं, काही वाया जात नाही. पाणी गाळा, साफ ठेवा, घटलं तर वरून भरा. फेकायची गरजच काय? आमच्या खात्यात पाणी फेकणाऱ्याला मी उभा-आडवा घेतला असता.

पंकज शांतपणे ऐकत होता. "अंकल, हा टब आहे," तो म्हणाला. "मिल नाही." मी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

३

पहिल्या दिवसापासून मी टबाच्या आत एक स्टीलची पट्टी चिकटवून ठेवली होती. कोकिळा गळ्यापर्यंत बसली की पाणी तीन सेंटीमीटर चढायचं. उतरली की तीन उतरायचं. बरोबर. माणूस पाण्यात बसला की तो आपल्यापुरतं पाणी बाजूला सारतो, यात नवल काही नाही.

ती रोज सकाळी सातला जुना गाऊन घालून बसायची. मी जाळीबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचायचो. डिसेंबरची थंडी, वाफ वर निघते आहे आणि आतून तिची बडबड चालू. दहाव्या दिवशी तिनं काठी सोडली. पंधराव्या दिवशी ती मला न सांगता कोपऱ्यावरून मेथी घेऊन आली. मला रडू आलं. खरंच आलं, मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. तृप्तीला व्हिडिओ पाठवला, त्यात तिची आई अंगणात चालते आहे एवढंच होतं.

महिना झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी टबात वरून पाणी भरलेलंच नाही.

गरम पाणी घटतं. झाकण असलं तरी वाफ निघते, अंगाला लागून जातं, गाऊन पिळला की जातं. महिन्यात थोडं तरी घटायलाच पाहिजे. पट्टी मात्र पहिल्या दिवशीच्या खुणेच्या वर होती. फार नाही, अर्धा सेंटीमीटर वर.

४

मी डोकं चालवलं. टबाला नळ जोडलेला नाही, नळीनं भरावा लागतो. म्हणजे आत पाणी गळायचा प्रश्न नाही. पाऊस नाही. सिमेंटचा ओटा खचला का? पंकजसारखीच नळी भरून बघितली, चारही कोपरे सारखे. पट्टी सरकली का? शेजारी दुसरी चिकटवली. दोन्ही एकच सांगत होत्या. शेवटी एक बादली त्याच पाण्यानं भरून टबाशेजारी ठेवली, खूण करून. दोन दिवसांत बादली घटली आणि टब चढला.

मग मी कोकिळेच्या बसण्याआधी आणि उतरल्यानंतर मोजू लागलो. रोज ती उतरल्यावर पाणी आधी होतं त्याच्यापेक्षा केसभर वर राहायचं. आणि ती बसली की जितकं चढायला पाहिजे, त्याच्यापेक्षा तेवढंच कमी चढायचं.

मी पेपरच्या कोपऱ्यावर बेरीज केली. पाण्यात उरलेलं अधिक तिच्या बसण्यानं चढलेलं. त्या दिवशी करून बघितलं, दुसऱ्या दिवशी करून बघितलं, वाफेची घट धरून करून बघितलं. बेरीज तीनच येत होती. हौदात एकीकडून आलेला माल दुसरीकडे दिसावा तशी सरळ. पेपर घडी करून मी खाली ठेवला.

"अहो, पेपर संपला का झोपले?" ती आतून म्हणाली.

"संपला," मी म्हणालो.

घरातले आवाजही बदलले होते, पण ते मला नंतर कळलं. आमच्याकडे पुढच्या खोलीत बंगई आहे, क्वार्टरमधून आणलेला फळीचा झोका. कोकिळा बसली की बंगईच्या कड्या करकरायच्या. तीस वर्षांचा तो आवाज. आता ती बसायची, पाय हलवायची, बंगई पुढे-मागे व्हायची आणि कड्या गप्प. चालतानाही तसंच. आधी ती घरात कुठे आहे ते मला न बघता कळायचं, कारण उजवा पाय फरशीवर घासायचा. आता मी मान वर केली की ती समोर उभी असायची.

गुडघे बरे झाल्यावर पाय घासत नाही, एवढं साधं आहे, असं मी स्वतःला समजावलं. पटतही होतं.

५

मार्चच्या शेवटी शुगर तपासायला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि खूश झाले. "वा, एकाहत्तरवरून त्रेपन्न. काय खाणं बंद केलं, काकू?"

"काहीच नाही. यांची कढई आहे ना," ती हसून म्हणाली.

मी तिच्याकडे बघत होतो. हातातल्या बांगड्या जिथे बसायच्या तिथेच बसत होत्या. ब्लाउज तोच, ढिला झालेला नाही. चेहरा भरलेला. अठरा किलो कुठून गेलं ते तिच्याकडे बघून मला सांगता आलं नसतं.

येताना रिक्षात सहज बोलून गेलो, "क्वार्टरच्या जिन्यात असे चालले असते पाय, तर बरं झालं असतं."

"कोणत्या जिन्यात?"

"आपल्या. तिसरा मजला. बादल्या."

ती बोटांवर राहिलेली घरं मोजायला लागली. आठवायचा प्रयत्न करत होती, नाटक नव्हतं. "आपण वर राहत होतो का?" तिनं विचारलं. "काय माहीत, मले तर काही लक्षात नाही येऊन राहिलं. जाऊ द्या ना. बरे दिवस होते."

बरे दिवस नव्हते. तिनंच मला हजार वेळा सांगितलं होतं की नव्हते. मग मला आठवलं की ती गुडघ्यांवरून मला शेवटचं बोलली त्याला दोन महिने होऊन गेले होते. कुठल्याही नवऱ्याला बरं वाटावं अशी गोष्ट. मला मात्र बरं वाटलं नाही. ज्या बाईचं मी नुकसान केलं होतं, तिनं मला माफ केलं नव्हतं. ती बाईच कमी होत चालली होती.

त्या संध्याकाळी मी सांगितलं, हीटर बिघडलाय, उद्यापासून टब बंद.

"बरं," ती म्हणाली. एक शब्द वादावादी नाही. पूर्वी तिनं माझी सालटी काढली असती.

६

तीन दिवस मी तिला बसू दिलं नाही. तिच्यात काही फरक पडला नाही, दुखणं परत आलं नाही, जिना आठवला नाही. पाणी होतं तिथेच, खुणेच्या वर अर्ध्या सेंटीमीटरहून जरा जास्त. पंकजला फोन लावला. मी काही खुलासा केला नाही, फक्त म्हणालो, पाणी काढायचंय. तो म्हणाला, "अच्छा किया अंकल, पहिलेच करायला पाहिजे होतं." खालच्या कोपऱ्यातला वॉल्व्ह कसा फिरवायचा ते त्यानं सांगितलं.

माझा विचार असा होता. घाण साठली असेल, क्लोरीनचं काही झालं असेल, तिच्या डोक्यावर त्याचा परिणाम होत असेल. पाणी गेलं की सगळं जाईल. मिलमध्येही कधीतरी हौद रिकामा करून धुवावाच लागतो. असा विचार करताना आपण स्वतःशीच लबाडी करतोय, हे मला आतून कळत होतं.

सकाळी अकराला मी नळी मागच्या नालीत सोडली आणि वॉल्व्ह उघडला. कोकिळा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. ऊन लख्ख होतं. मी झाकण काढून काठावर हात टेकून उभा राहिलो. पाणी एकसारखं उतरत होतं. फवाऱ्यांच्या वरच्या रांगा उघड्या पडल्या, मग पाठीच्या.

थापण्याचा आवाज थांबला होता. मला तो थांबल्याचं उशिरा कळलं, कारण मी पाण्याकडे बघत होतो. डाव्या बाजूच्या जागेवर, जिथे ती बसायची, पाण्याच्या पृष्ठभागावर दोन वाटोळे खळगे पडले होते. शेजारी-शेजारी. आजूबाजूला पाणी होतं आणि तिथे नव्हतं. खळग्याच्या कडेला पाणी वळून उभं होतं, आत ऊन सरळ जाऊन टबाच्या निळ्या तळावर पडत होतं. वाऱ्यानं बारीक लाट आली ती खळग्यांच्या कडेला अडली आणि वळसा घालून गेली.

उजवा खळगा डाव्यापेक्षा मोठा होता.

तेवढ्यात तो उजवा खळगा बोटभर बाजूला सरकला, अगदी सावकाश. खूप वेळ बसून पाय अवघडला की कोकिळा असाच सरकवायची.

घरातून "अहो" असं ऐकू आलं. एवढा बारीक आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. धावत गेलो. ती ओट्याला टेकून खाली बसली होती, हाताला ज्वारीचं पीठ तसंच. तव्यावर भाकरी करपत होती.

"मले धरा ना," ती म्हणाली. "मी जाऊन राहिले."

मी तिचं मनगट धरलं. ते दिसत होतं, बांगड्या दिसत होत्या. पण हातात जे आलं ते रिकाम्या बाहीएवढंच होतं. मी तिला तिथेच सोडलं, अंगणात पळालो, वॉल्व्ह बंद केला, बोअरिंग चालू करून नळी टबात टाकली. मला त्या वेळी देव आठवला नाही, तृप्ती आठवली नाही. फक्त तोंडातून "चढ, चढ" निघत होतं. पाणी हळूहळू चढलं, खळग्यांवर बंद झालं, वर काही राहिलं नाही.

आत आलो तेव्हा ती उठून करपलेली भाकरी उलथत होती. गालांवर थोडा रंग परतला होता. "चक्कर आली असेल," ती म्हणाली. "तुम्ही जेवता ना?"

७

आता ती टबात बसत नाही. मी बसू देत नाही आणि ती मागतही नाही. जेवढी उरली आहे तेवढी घरात राहू दे. ती चालते, हसते, शेजारच्या सविताकडे पापड लाटायला जाते. तृप्ती फोनवर म्हणते, पप्पा, मम्मी किती शांत झाली. मी हो म्हणतो. मी पाणी गाळतो, क्लोरीन मोजून टाकतो, घटलेलं वरून भरतो, फेकत नाही. लाइट गेली तर बंब पेटवून बादल्यांनी गरम पाणी ओततो, टब गार होऊ देत नाही. पहिल्या तीन महिन्यांनी पाणी बदललं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळ केला. थोडीच गेली असती. पण जी गेली असती ती नालीत गेली असती, आणि मला ते कधी कळलंही नसतं. म्हणजे माझी चूक झाली की माझ्या चुकीनंच ती राहिली, हे मला सुटत नाही.

एक गोष्ट मात्र मला तिचं बसणं बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यातच टोचायला लागली. दुखणं गेलं नव्हतं. ते पाण्यात होतं. तो जिना, त्या बादल्या, माझ्यावरचा राग, सगळं तिथे त्या डाव्या जागेवर बसून होतं, दिवसाचे चोवीस तास, आणि त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं.

म्हणून आता सकाळी सातला मी टबात उतरतो. समोरच्या जागेवर बसतो. पहिल्या दिवशी धीर होत नव्हता, तरी पाण्याखाली हात पुढे केला. हाताला गुडघा लागला. गरम, सुजलेला, डोळ्यांना न दिसणारा. मी तो दाबायला लागलो. आम्ही दोघं एका घरात राहिलो त्या सगळ्या वर्षांत मी तिचे पाय दाबले नव्हते, त्यामुळे किती जोर लावायचा ते मला माहीत नव्हतं. हळू दाबत राहिलो. जिन्याबद्दल बोललो. पाळीहून आल्यावर मला जाग असायची, बादल्यांचा आवाज यायचा आणि मी डोळे मिटून पडून राहायचो, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते सांगितलं.

असे पंधरा-वीस दिवस गेले. उत्तर काही येत नाही. एखादा दिवस गुडघा माझ्या हाताखालून काढून घेतला जातो, तेव्हा मी थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

आज सकाळी मी दाबत असताना पाण्याखाली माझ्या हातावर एक हात आला. बोटं बारीक, तळवा खरबरीत, बादलीच्या कडीनं पडलेले घट्टे. त्यानं माझा हात बाजूला केला नाही. धरला आणि धरूनच ठेवला, घट्ट, मनगटात कळ येईपर्यंत. जरासा खालीही ओढला.

आतून कोकिळेनं हाक मारली, "अहो, बाहेर या ना आता. चहा थंड होऊन राहिला."

मी हात सोडवून घेतला नाही.